दुसऱ्या रकान्यातले लोक

१८३२ साली मुंबई सैन्यातल्या बावीस वर्षांच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने पैज लावून पुणे ते पनवेल हे ७२ मैलांचं अंतर घोड्यावरून ३ तास ७ मिनिटांत कापलं. अर्थात वाटेत घोडे बदलत. बोरघाटातला गाडीरस्ता खुला होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. आज सुट्टीच्या दिवशी घाटात कोंडी झाली, की द्रुतगती मार्गावर मोटारीलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो.

या स्वाराचं नाव हेन्री रॉलिन्सन. पनवेल तेव्हा बंदर होतं. मुंबईचा माणूस होडीने खाडीतून पनवेलला उतरायचा आणि तिथून घाट चढून पुण्याला जायचा. ती खाडी मी राहतो त्या उलव्याच्या उत्तरेकडून आत शिरते. पनवेलच्या इतिहासात रॉलिन्सनला फार तर एका ओळीची जागा मिळेल, आणि ती पुरेशीही आहे. पण पनवेलपर्यंत दौडत आलेल्या या माणसामुळे पुढे अडीच हजार वर्षं मुकी झालेली एक भाषा बोलती होण्याचा रस्ता उघडला. ती भाषा एलामी लोकांची. या लेखाचा विषय ते लोक आहेत.

रॉलिन्सन १८२७ मध्ये, सतराव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी मुंबईला निघाला तेव्हा त्याच जहाजावर मुंबईचे नवे गव्हर्नर सर जॉन माल्कम होते. माल्कम वकील म्हणून इराणला जाऊन आलेले आणि इराणचा इतिहास लिहिलेले गृहस्थ. त्या लांबच्या प्रवासात त्यांनी या पोराला इराणचं वेड लावलं. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला तोही माल्कम यांच्याच कारकिर्दीत. रॉलिन्सन इथे राहून फारसी शिकला आणि १८३३ मध्ये शहाच्या फौजेला कवायत शिकवण्यासाठी इराणला रवाना झाला.

पश्चिम इराणात केरमानशाहजवळ बेहिस्तूनचा कडा आहे. जमिनीपासून शेकडो फूट उंचावर तिथे सम्राट दारियसने इ.स.पू. ५२०च्या सुमारास आपला विजय कोरून ठेवला आहे. दोरखंडांनी बांधलेले बंडखोर एका रांगेत उभे आहेत, एक दारियसच्या पायाखाली आहे आणि आजूबाजूला कीलाक्षरांतला मजकूर आहे. मजकूर एकच, भाषा तीन : जुनी फारसी, एलामी आणि बाबिलोनी. रॉलिन्सनने १८३५ पासून पुढे बारा वर्षांत अनेकदा येऊन, शिड्या लावून, जीव धोक्यात घालून तो उतरवून घेतला. त्याने जुन्या फारसीचं वाचन १८४६-४७ मध्ये प्रसिद्ध केलं आणि पुढे बाबिलोनी भाषेकडे वळला. कारण उघड होतं. बाबिलोनी कळली की निनवे आणि बाबिलोनचं सगळं भांडार उघडणार होतं, बायबलमधल्या राजांची नावं सापडणार होती. उरलेल्या भाषेची नक्कल त्याने लंडनमधल्या एडविन नॉरिस या अभ्यासकाकडे दिली. नॉरिसने १८५०च्या दशकात तिचं वाचन छापलं.

तोवर तिला धड नावही नव्हतं. इराणातल्या त्रिभाषी लेखांत ती फारसीनंतर येते म्हणून अभ्यासक तिला नुसतं ‘दुसऱ्या प्रकारचं लेखन’ म्हणत. कुणी तिला मीड लोकांची भाषा ठरवलं, तर नॉरिसने सिथियन. नंतर सुसा या नगरावरून ‘सुसियन’ हे नाव आलं. ‘एलामी’ हे नाव रूढ व्हायला आणखी बराच काळ गेला. मला या लोकांविषयी पहिल्यांदा कुतूहल वाटलं ते इथेच. अडीच हजार वर्षांहून जास्त काळ इतिहासात वावरलेल्या समाजाला स्वतःच्या भाषेचं नावसुद्धा इतरांकडून, तेही चार वेळा चुकत चुकत मिळावं, हे असं का होतं?

आजच्या नैऋत्य इराणातला खुझेस्तानचा सपाट प्रदेश आणि त्याच्या पूर्वेचा फार्सचा डोंगराळ प्रदेश मिळून एलाम होतो. सपाटीवर सुसा हे नगर, इ.स.पू. ४२००च्या आसपास वसलेलं. डोंगरात अन्शान. सुसाला पश्चिमेच्या सुमेर आणि अक्कदचा वारा लागायचा, तर अन्शानला पठारावरच्या धनगरांचा आणि धातूंच्या खाणींचा आधार. एलामचे राजे स्वतःला अन्शान आणि सुसाचे राजे म्हणवत. देश आणि कोकण मिळून एक राज्य चालवावं, तसा हा मामला होता. घाटाखालचं बंदर आणि घाटावरची गढी यांचं एकमेकांवाचून भागत नाही, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

हे लोक आपल्या देशाला ‘हल्तम्ती’ म्हणत. सुमेरी लेखनिक त्यासाठी ‘उंच’ या अर्थाचं चिन्ह वापरत : सपाटीवरच्या माणसाने डोंगराकडे बोट दाखवून ‘वरचे’ म्हणावं तसं. अक्कदी भाषेत त्याचं ‘एलाम्तू’ झालं, हिब्रू बायबलमध्ये ‘एलाम’. पर्शियन लोक त्याला ‘उव्ज’ म्हणत आणि ‘खुझेस्तान’ हे आजचं नाव त्याच मुळातून आलेलं आहे. थोडक्यात, आपण जे नाव वापरतो ते शेजाऱ्यांच्या दप्तरातलं आहे.

आणि शेजाऱ्यांच्या दप्तरात एलाम बहुतेक वेळा शत्रू म्हणूनच येतो. इ.स.पू. २००४च्या सुमारास डोंगरातल्या फौजांनी ऊर नगर पाडलं आणि तिथला राजा इब्बी-सिन याला कैद करून नेलं. सुमेरी कवींनी ऊरच्या नाशावर विलापगीतं रचली, ती शाळांतून पिढ्यान्पिढ्या गिरवली गेली आणि ‘रानटी एलामी’ ही प्रतिमा त्यांतून पक्की झाली. पण सुमेरी आणि अक्कदी राजे त्याआधी कित्येक वेळा एलामवर चालून गेले होते. सुसात सापडलेला एक जुना तहनामा अक्कदच्या नरामसिनचा आणि एलामी पक्षाचा आहे, आणि तो एलामी भाषेत आहे. म्हणजे कधीकाळी हा शेजारी तहाला बसण्याच्या योग्यतेचाही होता.

एलामी राजेही काही साधुसंत नव्हते. इ.स.पू. बाराव्या शतकात शुत्रुक-नहुन्ते या राजाने बाबिलोनिया लुटला आणि तिथले विजयस्तंभ उचलून सुसाला आणले. नरामसिनच्या स्तंभावर त्याने जुना मजकूर तसाच ठेवून शेजारी आपला लेख कोरला : हा मी आणला, माझ्या इन्शुशिनाक देवाला वाहिला. त्याच लुटीत हम्मुराबीच्या कायद्यांचा काळा दगडी स्तंभही सुसाला आला असं मानतात. त्याच्या खालच्या भागातले काही स्तंभ भरून मजकूर घासून काढलेला आहे, बहुधा एलामी लेख कोरण्यासाठी. तो लेख मात्र कधी कोरलाच गेला नाही. जगातला सर्वांत प्रसिद्ध कायदा १९०१-०२ मध्ये फ्रेंच उत्खननात सापडला तो एलामी राजधानीत, आणि आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्यासमोर गर्दी करणाऱ्यांना हम्मुराबी माहीत असतो. त्या घासलेल्या कोऱ्या जागेचा मालक कोण, हे फार थोडे विचारतात.

पुढे इ.स.पू. ६४७च्या सुमारास अश्शूरच्या असुरबनिपालने सुसा उद्ध्वस्त केलं. त्याने तिथला झिग्गुरात पाडला, देवांच्या मूर्ती नेल्या, राजांच्या कबरी उकरून हाडं नेली, जमिनीवर मीठ पसरलं. हे सगळं त्यानेच अभिमानाने लिहून ठेवलं आहे. शाळेच्या पुस्तकांतला एलाम साधारण इथेच संपतो. ज्याने मारलं त्यानेच मृत्यूचा दाखला लिहिला आणि आपण तो प्रमाण मानला.

एलाम तिथे संपलं नव्हतं. शंभर वर्षांनी बाबिलोन घेणारा कुरुश, म्हणजे सायरस, आपल्या प्रसिद्ध मातीच्या दंडगोलावर स्वतःची आणि आपल्या पूर्वजांची ओळख अन्शानचे राजे अशी करून देतो. दारियसने सुसाला राजवाडा बांधला. आणि बेहिस्तूनच्या कड्यावर आधी कोरला गेला तो एलामी मजकूर. जुन्या फारसीची लिपी तेव्हा जेमतेम घडत होती आणि तिचा मजकूर नंतर आला. ज्याला अभ्यासक ‘दुसरा’ म्हणत होते, तो काळाच्या हिशोबाने पहिला होता. पुढे शिल्पात आणखी एक कैदी घुसवताना जुन्या एलामी लेखाचा काही भाग कापला गेला, म्हणून तो सगळाच्या सगळा बाजूला नव्याने कोरावा लागला.

त्या मजकुरात काय आहे? एलामने दारियसविरुद्ध बंडं केली आणि ती मोडली गेली, ही हकीकत त्यात आहे. ती पहिल्यांदा दगडावर आली एलामी भाषेत, म्हणजे बहुधा एलामी वळणाच्या लेखनिकाच्या हातून. आपल्याच लोकांचा पराभव सुबक अक्षरात उतरवून देणारा तो कारकून मनात काय म्हणाला असेल, ते कुठल्याच कड्यावर नाही.

त्याला जागा का मिळाली हे मात्र कळतं. राज्य पर्शियनांचं झालं तरी हिशोब ठेवायची विद्या एलामी फडाकडे होती, आणि ती फार जुनी होती. इ.स.पू. ३१००च्या सुमारास, सुमेरमध्ये लेखन नुकतंच रुजत असताना, सुसात आद्य-एलामी म्हटल्या जाणाऱ्या लिपीतल्या मातीच्या पाट्या लिहिल्या जात होत्या. अशा सोळाशेच्या वर पाट्या सापडल्या आहेत, अगदी पार पूर्वेला सीस्तानातल्या शहर-ए-सोख्ता इथेही. त्यांतले आकडे कळतात आणि धान्य, मेंढ्या, मजूर यांचे हिशोब ओळखू येतात, पण भाषा अजून वाचता येत नाही. त्यानंतरच्या रेषा-एलामी लिपीचं बरंचसं वाचन २०२२ मध्ये फ्रान्सवा देसे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं. त्यातल्या तपशिलांवर चर्चा चालू आहे. पण शतकभर अडलेलं दार आता किलकिलं झालं आहे, हे नक्की.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती पर्सेपोलिसची कचेरी. १९३३-३४ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या उत्खननात तटबंदीच्या खोल्यांत मातीच्या हजारो पाट्या आणि त्यांचे तुकडे सापडले. त्यांतल्या बहुतेक एलामी भाषेत आहेत, इ.स.पू. ५०९ ते ४९३ या दारियसच्या काळातल्या. त्यांत एकही लढाई नाही. कुठल्या कोठारातून किती पीठ दिलं, कुठल्या टोळीतल्या मजुरांना किती जव मिळाले, कोण वाटसरू कुणाचं मोहोरबंद पत्र घेऊन कुठे निघाला, कुठल्या देवाच्या पूजेला किती मद्य पोचलं, एवढंच. रिचर्ड हॅलॉक यांनी आयुष्याची कित्येक वर्षं खर्चून त्यांतल्या २०८७ पाट्या १९६९ मध्ये प्रसिद्ध केल्या. ‘हिंदूश’ या सिंधूकाठच्या प्रांताकडून सुसाला निघालेल्या प्रवाशांचा शिधा त्यांत नोंदलेला आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या मजूर बायकांना जादा शिधा मिळायचा, त्याच्याही नोंदी आहेत. मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट.

या पाट्यांच्या नशिबी कोर्टाची पायरीही होती. १९९७ मध्ये जेरुसलेममध्ये झालेल्या बॉम्बहल्ल्यातल्या अमेरिकी पीडितांनी इराण सरकारविरुद्ध भरपाईचा निवाडा मिळवला आणि वसुलीसाठी शिकागोत अभ्यासाला ठेवलेल्या या पाट्यांवर दावा सांगितला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणा मजुराला दिलेल्या जवाची पावती लिलावात निघता निघता राहिली.

आता प्रश्न येतो : यात आपला काय संबंध? संबंध जोडायची घाई अनेकांनी केली आहे. रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६ मध्ये द्राविड भाषांचं तुलनात्मक व्याकरण लिहिलं तेव्हा बेहिस्तूनच्या या ‘सिथियन’ भाषेशी द्राविड भाषांचं साम्य दिसतं असं म्हटलं. विसाव्या शतकात डेव्हिड मॅकॲल्पिन यांनी एलामी आणि द्राविड एकाच कुळातल्या असल्याचा सविस्तर सिद्धांत मांडला. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना तो पटलेला नाही. त्यांच्या मते एलामी ही सख्खं नात्याचं कुणी न उरलेली एकटी भाषा आहे. सिंधू संस्कृतीचे व्यापारी मात्र या शेजारात नक्की वावरत होते. अक्कदच्या सारगोनने आपल्या धक्क्याला मेलुहा, मगान आणि दिलमुनची जहाजं लागतात अशी फुशारकी मारली आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. शू-इलिशू नावाच्या माणसाची मोहोर लूव्रमध्ये आहे, तिच्यावर त्याचा हुद्दा लिहिला आहे : मेलुहाच्या भाषेचा दुभाष्या. सुसातही सिंधू वळणाच्या मोहोरा आणि नक्षी उमटवलेले लाल कार्नेलियनचे मणी सापडले आहेत. आपल्याकडे या संस्कृतीची दक्षिणेकडची शेवटची खूण प्रवरेकाठी दायमाबादला मिळते, तीही उत्तरकाळातली. म्हणजे एलामी बाजारात मराठी मुलखातला माणूस शोधू नये. मेलुहा हे नावही शेजाऱ्याच्याच दप्तरातलं आहे, एवढं साम्य मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

खरा धागा रक्ताचा किंवा व्याकरणाचा नाही, तो कचेरीचा आहे, आणि तो आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. मातीच्या पाटीला सुमेरी भाषेत ‘दुब’ म्हणत. अक्कदीत त्याचं ‘तुप्पु’ झालं, एलामीत ‘तुप्पि’. एलामी कारकुनांकडून तो शब्द जुन्या फारसीत गेला आणि ‘दिपि’ झाला, म्हणजे लेख. वायव्येला शाहबाझगढी आणि मानसेहराच्या शिलालेखांत अशोक आपल्या लेखाला ‘दिपि’ म्हणतो, तर इतर ठिकाणी ‘लिपि’. पाणिनीच्या एका सूत्रात ‘लिपि’ आणि ‘लिबि’ ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी येतात. संस्कृत परंपरेत लिपीची व्युत्पत्ती ‘लिप्’, म्हणजे लिंपणे, या धातूवरून सांगतात. पण ‘दिपि’ आधी आणि ‘लिप्’चा आधार मागाहून, असं आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

त्याच ‘दिपि’पासून फारसीत ‘दबीर’ झाला, म्हणजे लेखनिक. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ‘दिवाण’ही तिथलाच, मूळ अर्थ कागदपत्रं ठेवायची जागा. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत परराज्यांशी व्यवहार पाहणारा तो डबीर. राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामं जाऊन संस्कृत आली, डबीराचा सुमंत झाला, आणि रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला. पण दिवाणी दावे, दिवाणखाने आणि डबीर हे आडनाव राहिलंच. आणि तो कोश ज्या लिपीत लिहिला तिचा ‘लिपी’ हा शब्दही, सगळ्यांना अस्सल संस्कृत वाटणारा, सुसाच्या कचेरीतून फिरून आलेला. असुरबनिपालने मीठ पसरलं त्या जमिनीवरचा एक शब्द आपण पहिलीच्या वर्गात मुलांना शिकवतो.

यातून मी जे घेतलं ते असं. राजाने कोरलेल्या लेखात एलाम म्हणजे कापलेली मुंडकी आणि नेलेल्या मूर्ती. कारकुनाच्या पाटीत एलाम म्हणजे पीठ, मेंढ्या, वाटसरू आणि बाळंतिणी. माणसं उरली ती हिशोबात. पण हिशोबाचीही एक मर्यादा आहे : रकान्यात जेवढं विचारलेलं असतं तेवढंच तो सांगतो. त्या बाळंतिणीला काय मिळालं आणि तिला मुलगा झाला की मुलगी, हे आपल्याला ठाऊक आहे. तिचं नाव ठाऊक नाही, कारण कोठारातून शिधा द्यायला ते लागत नव्हतं.

उलव्यात राहताना हे विसरता येत नाही. इथली टेकडी सुरुंग लावून सपाट केली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी आणि जुनं उलवे ही त्यासाठी उठलेल्या गावांतली काही नावं. त्या भूसंपादनाचं दप्तर भक्कम आहे : सातबारा, गट क्रमांक, हेक्टर-आर, मोबदला, पुनर्वसनाच्या भूखंडाचा आकडा. हजार वर्षांनी कुणी शोधायला निघाला तर त्याला इथे किती जमीन होती आणि ती कुणाच्या खात्यावर होती हे बिनचूक सांगता येईल. मी स्वतः इथे बाहेरून आलो, सेक्टर आणि प्लॉट क्रमांकाच्या पत्त्यावर. मला विमानतळ नको आहे असंही नाही.

पण आगरी आणि कोळी घरांत प्रत्येक शेताला, खाजणाच्या प्रत्येक बांधाला, खाडीच्या प्रत्येक फाट्याला नाव असतं. भरतीचं पाणी कुठवर येतं, जिताडा कुठे लागतो, मिठागर कुणाच्या आजोबांनी बांधलं, हे त्या नावांत साठवलेलं असतं. सातबाऱ्यावर त्यासाठी रकाना नाही. ती नावं माहीत असलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीची आहेत आणि नव्या इमारतींत राहतात. ती अजून सांगू शकतात, आणि लिहून घेण्यासाठी कुठल्याही लिपीचा उलगडा व्हायची वाट पाहावी लागणार नाही.